ओतेल बिल्ला

"थांब. कोनं शे ते सांगू नको."

आबा उजवा हात असा पुढे धरायचे, चौकातला पोलीस धरतो तसा, आणि समोरच्याचं बोलणं तोंडातच राहायचं. खान्देशी माणसाला शब्द कळायचे, बाहेरच्याला हातावरून कळायचं. बिल्ला कोणाचा, कोणत्या आजोबांचा, कोणत्या लढाईतला, यातलं काहीही त्यांना ऐकायचं नसे. डावा हात तेवढा पसरलेला असायचा. त्यावर वस्तू ठेवा आणि गप्प बसा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बोलतात कमी, पण त्यांच्या दोन शब्दांवर दुसऱ्याच्या घरातली चूल पेटते किंवा विझते. आबांचे ते दोन शब्द म्हणजे "ठोकेल शे" आणि "ओतेल शे".

जळगावात माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्या मागे मी चालवते. काच कापणं, खिळे ठोकणं, गिऱ्हाइकाशी वाद घालणं, सगळं मीच. मागच्या गल्लीत आबांची मुलगी राहते. धुळ्याचं बिऱ्हाड मोडून आबा तिच्याकडे आले तेव्हाच त्यांची पंचाहत्तरी झाली होती. जावई दिवसभर टीव्ही मोठ्यानं लावतो, म्हणून ते माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसू लागले. मी एकदाही 'या' म्हटलं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाला उठ कसं म्हणायचं? पुढे तो स्टूलच त्यांचा झाला. गिऱ्हाइकाला बसायला मी दुसरा आणला.

एकदा एक जण आजोबांचा फोटो आणि पलटणीतला टोपीचा बिल्ला एकाच चौकटीत बसवायला घेऊन आला. मी माप घेत होते. आबांनी मागून हात लांबवला, बिल्ला उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला आणि माझ्या नव्या कोऱ्या काचेवर टप्पकन टाकला.

"आबा, काच फुटेल ना!"

"फुटू दे. काच बी ओतेलच शे माय."

मग बिल्ला उलटा करून म्हणाले, "हाई ठोकेल शे. खरं शे." गिऱ्हाईक खूश झालं आणि चौकटीला जास्त चांगली पट्टी निवडून गेलं. मला वाटलं, म्हातारा धंद्याला बरा आहे.

तिथून हे सुरू झालं. ठोकेल म्हणजे कारखान्यात पत्र्यावर ठशाचा घाव घालून केलेला. त्याची नक्षी धारदार असते, पाठीवर त्याच नक्षीचा खळगा उमटतो आणि काचेवर टाकला की टणकन वाजतो. ओतेल म्हणजे वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतून केलेला. त्याची पाठ खरबरीत, कडेला कानशीचे ओरखडे, आवाज बद्द. दुसऱ्या महायुद्धातला खरा माल ठोकलेला आणि मागाहून शौकिनांसाठी केलेल्या नकला ओतलेल्या, हा आबांचा सरळ हिशेब होता. जमवणारे सगळे शौकीनही तोच धरून चालत. हळूहळू नाशिक, औरंगाबादहून लोक येऊ लागले. जळगावला एक म्हातारा आहे, तो हातात घेऊन सांगतो, अशी हवा झाली. आबा कोणाकडून काही घेत नसत. चहा मात्र माझ्या खात्यावर.

हे ज्ञान त्यांना कुठून आलं, ते कळायला मला वर्ष लागलं.

नाशिकचे एक शौकीन आले होते. आत मखमल लावलेली पेटी, तीत ओळीनं चौदा बिल्ले. आबांनी एकेक उचलला, खाली ठेवला. "ओतेल. ओतेल. हाई ठोकेल. ओतेल." त्या गृहस्थांचा चेहरा उतरत चालला. शेवटी त्यांनी आपला हुकमी एक्का काढला. हिरवट काळा पडलेला, एक कोपरा झिजलेला. "हा तर थेट ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा," ते म्हणाले. आबांनी हात वर केला, पण तोवर सांगून झालं होतं.

तो बिल्ला हातात घेतल्यावर आबा हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

"हाई कोन्ही ओतं, माहीत शे का?"

"कोणी?"

"मी."

ते गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. दार असं आपटलं की भिंतीवरचे दोन देव वाकडे झाले.

मग आबांनी सांगितलं. त्यांचं घराणं धुळ्याच्या ओताऱ्यांचं. बैलांच्या घंटा, घुंगरं, स्टोव्हचे भाग, असलं सगळं ओतायचे. वडील गेल्यावर काही वर्षांनी मुंबईचा एक व्यापारी आला. खिशातून त्यानं एक खरा बिल्ला काढला आणि असेच शंभर पाहिजेत म्हणाला. नाटक-सिनेमाला लागतात, असं त्याचं म्हणणं. आबांनी ओतून दिले. मग म्हणाला, जरा जुने दिसू देत. आबांनी चिंच-मीठ लावून ते उकिरड्यात पुरले.

"दोन पावसाये उकिरडामा ऱ्हायना, की लढाई करीसन येस," ते म्हणाले. मी हसून हसून पट्टी वाकडी कापली.

"नाटकासाठी नाहीत, हे कळलं नव्हतं तुम्हाला?"

"कळनं व्हतं." मग थोडं थांबून म्हणाले, "पाप वाटलं म्हनीसन नही सोडं, माय. डोया कमजोर व्हयनात, म्हनीसन सोडं."

त्या व्यापाऱ्याची एक गोष्ट ते नेहमी सांगत. तो प्रत्येक बिल्ल्याला एक कहाणी जोडून विकायचा. अमक्या सुभेदाराच्या विधवेनं रडत रडत दिला, तमक्याच्या छातीवर गोळी लागली तेव्हा हाच होता. कहाणी जेवढी चांगली तेवढा माल खोटा. म्हणून आबांनी नियम केला, की कहाणी ऐकायचीच नाही. वस्तू बोलेल तेवढंच खरं धरायचं. मला तेव्हा तो नियम फार शहाणपणाचा वाटला होता. मी स्वतः बोलघेवडी आहे आणि माणसं किती थापा मारतात हे काउंटरमागून रोज बघते.

पण या कामाचा त्यांना शीण व्हायचा. दहांतले आठ ओतेल निघायचे. निकाल सांगितला की आबा समोरच्याकडे बघत नसत, रस्त्याकडे बघत. माणूस निघून गेला की गुडघ्यांवर हात ठेवून म्हणत, "थकी गऊ माय." दिवसातून चार-चारदा. मीही वैतागायचे. खोटं निघालेलं कोण फ्रेम करतो? गिऱ्हाईक बिल्ला खिशात टाकून चालतं व्हायचं आणि माझी कापलेली पट्टी पडून राहायची. "आबा, माझा धंदा बुडवताय तुम्ही," मी म्हणायचे. "मंग मी खोटं सांगू का?" ते विचारायचे. यावर मी खिळे जोरात ठोकायचे.

देवपूरच्या बाई आल्या त्या दिवशी ऊन रणरणत होतं.

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे देवपूर, तिथल्या शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि आता निवृत्त. बहिणीकडे जळगावला आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी वडिलांचा फोटो काढला. पलटणीच्या वेषात नाही, साध्या सदऱ्यातला, म्हातारपणचा. सोबत रुमालात बांधलेला बिल्ला. वर मुकुट, खाली पानांची माळ. वडील लढाईत गेले होते. कागदपत्रं घर गळलं तेव्हा भिजून गेली. उरला हा बिल्ला. वस्तीतल्या विहारात पलटणीत गेलेल्या सगळ्यांची नावं संगमरवरावर कोरायची ठरली होती. समितीचं म्हणणं होतं की कागद दाखवा, नाहीतर खात्रीची वस्तू दाखवा. बाईंच्या वडिलांबद्दल काही जण कुजबुजत होते. कसली लढाई? नाशिककडे कुठेतरी पाणी भरायला होता, बिल्ला बाजारातून घेतला.

हे सगळं बाईंनी मला सांगितलं. आबा तेव्हा पान आणायला गेले होते. ते आले, बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आबा, तुमचं नाव ऐकून आले. माझे वडील सांगायचे, की हे बिल्ले..."

हात वर झाला. "थांब माय. कोनं शे ते सांगू नको."

बाई थांबल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेली बाई, पण थांबली.

आबांनी अंगठा फिरवला. काचेवर टाकला. बद्द आवाज आला, तो मलाही कळला. ते पाठ उन्हात धरून म्हणाले, "ओतेल शे." इतक्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्या दिवशी त्यांना का कोण जाणे, बोलायची लहर आली. "हाई देख, डावीकडनं तिसरं पान अर्धंच शे. सरकारी ठसा असा ऱ्हास का? आनि करनारा डावरा व्हता. ओरखडा उलटा शेत. कानस बी नीट फिरावता उनी नही त्याले." आणि हसले.

बाई हसल्या नाहीत. रडल्याही नाहीत. बिल्ला रुमालात बांधला आणि मला म्हणाल्या, "ताई, फोटोची फ्रेम करा. बिल्ल्याचं राहू द्या."

मी आधीच जाड पुठ्ठ्यात बिल्ल्याच्या मापाचं गोल भोक पाडलं होतं. त्यावर आतून तपकिरी कागद चिकटवून ते बुजवलं. नीट बघितलं तर कळत होतं. बाईंनी फ्रेम घेतली आणि गेल्या. आबा रस्त्याकडे बघत होते.

"थकी गऊ माय," ते म्हणाले.

नंतर कळलं की दगडावर बाईंच्या वडिलांचं नाव आलं नाही. त्यांची बहीण एकदा दुकानासमोरून जाताना सांगून गेली. आबांच्या कानावर मी ते घातलं नाही. कशाला घालायचं? खोट्याला खोटं म्हटलं, त्यात त्यांचा काय दोष?

दोन वर्षं गेली. धुळ्याला आबांच्या चुलत घराण्यात जुनी शेड पाडायची निघाली. तिथल्या पुतण्यानं एक पोतं एस.टी.च्या पार्सलानं पाठवून दिलं. भावकीच्या वाटणीत हे पोतं आबांच्या काकाकडे गेलं होतं आणि साठ वर्षं कोणी उघडलं नव्हतं. मुलीनं घाण होते म्हणून घरात घेऊ दिलं नाही, तेव्हा पोतं अर्थातच माझ्या दुकानात आलं. आबांनी जमिनीवर बसून एकेक फर्मा काढला. फर्मा म्हणजे वाळूत दाबून ज्याचा आकार उमटवायचा तो मूळ नमुना. घंटेचे फर्मे, घुंगरांचे, कडी-कोयंड्याचे. प्रत्येक काढताना आबा सांगत, हा अमक्या गावच्या बैलपोळ्यासाठी, हा तमक्या देवळासाठी. बरेच दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव होता.

तळाशी एक शिशाचा फर्मा निघाला. तळहाताएवढ्या चपट्या तुकड्यावर मुकुट आणि खाली पानांची माळ.

आबांनी तो बराच वेळ हातात धरला. मग अंगठा डावीकडून मोजत नेला. एक पान, दोन पानं. तिसऱ्यावर थांबला. ते पान अर्धंच होतं.

"माय," ते म्हणाले, "मना बाप डावरा व्हता."

डावखुरा. म्हणजे बाईंच्या बिल्ल्यावरचे ते उलटे ओरखडे. मग हातातली काच मी खाली ठेवली.

आबा तेव्हा मांडीवरचे होते, त्यांना त्या काळातलं काही आठवायचं कारण नव्हतं. बाप बोलका नव्हता. लढाईत काम भरपूर व्हतं, एवढंच कधीतरी म्हणायचा. आबा समजत आले होते की स्टोव्हचं काम असेल, बादल्यांचं असेल. आता सगळं समोर होतं. लढाई पेटलेली, पलटणींत भराभर माणसं भरती होत होती, ठोकलेले बिल्ले पुरे पडेनात, तेव्हा सरकारनं बाजारातल्या ओताऱ्यांना काम दिलं असणार. म्हणजे ओतलेला बिल्लाही खरा असू शकत होता. आबांनी आयुष्यभर धरलेला हिशेबच अर्धा होता. स्वतः ओतलेलं खोटं, म्हणून जगातलं सगळं ओतलेलं खोटं, असं ते धरून चालले होते. चोराला जग चोर वाटतं, तसं. हे मी म्हणत नाही, त्यांनीच म्हटलं.

"आनि मी हसनू," ते म्हणाले. "मना बापना हातले हसनू." डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

किती जणांना त्यांनी ओतेल सांगितलं असेल, त्याची यादी कुठे होती? बहुतेकांची नावं माहीत नव्हती, कारण नियमच तसा. एकच पत्ता आमच्याजवळ होता, माझ्या पावतीपुस्तकात. देवपूर.

"तिले सांगनं पडी," आबा म्हणाले. "धुयाले जानं शे."

"फोन करते ना मी."

"फोनवर नही. तिले मी तोंडवर सांगं व्हतं."

त्यांची तब्येत तोवर खालावली होती. मुलगी माझ्यावरच चिडली, की तुम्हीच त्यांना भरीस घालता. मी म्हटलं, बाई, तुझ्या बापाला आजवर कोणी भरीस घातलंय का? शेवटी एका मंगळवारी दुकान बंद ठेवून मी त्यांना घेऊन एस.टी.त बसले. एरंडोल येईपर्यंत ते खिडकीशी झोपले. पारोळ्याला जागे झाले आणि पिशवीतला फर्मा चाचपून परत झोपले. उन्हाची झळ खिडकीतून आत येत होती. मला वाटत होतं, एवढ्या वयात, एवढ्या उन्हात माणसानं आपली चूक कबूल करायला तीन तालुके ओलांडून का जावं? सोडून द्यावं. लोक काय काय सोडून देतात.

बाईंनी दार उघडलं आणि आम्हाला ओळखलं. पाणी दिलं. वडिलांचा फोटो भिंतीवर होता, माझीच फ्रेम. खालचा बुजवलेला गोल मला लगेच दिसला. ज्यानं पाडलं त्याला दिसतंच.

आबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "माय, मी चुकनू. तो बिल्ला खरा शे."

बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आबा, तेव्हा तुम्ही खोटा म्हणालात, मी ऐकलं. समितीत जाऊन मीच सांगितलं की नाव घालू नका. भावकीत मान खाली घातली. दोन वर्षं या फोटोसमोर मेणबत्ती लावताना माझ्या मनात यायचं, की बाबा, तुम्ही मलाही फसवलंत का? आता तुम्ही खरा म्हणता. परत तुमचंच ऐकू का?"

आबा खाली बसले. फर्मा काढून सतरंजीवर ठेवला. "बिल्ला शे का?" त्यांनी विचारलं.

होता. शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये. बाईंनी तो आणला. आबांनी त्याला हात लावला नाही. म्हणाले, तूच ठेव. बाईंनी बिल्ला फर्म्याशेजारी ठेवला. बिल्ला किंचित लहान होता. पितळ थंड होताना आकसतं, असं आबांनी समजावलं, म्हणून ओतलेली वस्तू फर्म्याहून नेहमी जरा लहान भरते. मग बाईंचं बोट त्यांनी पानांवर मोजायला लावलं. एक, दोन, आणि अर्धं. दोन्हीकडे तेच. मग बिल्ला उलटा करायला सांगितला आणि ओरखडे दाखवले. बाप डावरा होता हे सांगितलं. तो व्यापारी यायच्या आधीच बाप गेला होता, आणि हे पोतं काकाकडे बंद होतं, म्हणजे हा बिल्ला त्या नकलांतला असूच शकत नव्हता. आपण स्वतः खोटे बिल्ले ओतले, हेही सांगितलं. किती, कसे, उकिरड्यात पुरून, सगळं. काही लपवलं नाही.

"पन मनंबी ऐकू नको," शेवटी ते म्हणाले. "त्या दिनले तू सांगत व्हती, मी हात आडवा करा. तुना बाप काय सांगे? आते सांग. मी बठ्ठं ऐकस, सगळं."

बाईंनी बिल्ला मुठीत घेतला.

"बाबा सांगायचे," त्या म्हणाल्या, "की बिल्ले पोत्यातून आले. गोणपाटाच्या पोत्यातून, जोंधळे यावेत तसे. गोऱ्या साहेबानं पोतं मैदानात उपडं केलं. बिल्ल्यांना वाळू लागलेली होती. सगळ्यांनी ती झटकली आणि टोपीला लावले. कडा टोचायच्या, म्हणून बाबांनी विटेवर घासून गुळगुळीत केला. चांगले बिल्ले मागाहून येतील असं सांगितलं होतं. पण ते यायच्या आधी लढाईच संपली."

हे त्या दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात सांगणार होत्या. एवढंच. वाळू लागलेली होती, एवढे तीन शब्द जरी आबांनी ऐकले असते तरी ओताऱ्याच्या पोराला सगळं कळलं असतं. मला त्या क्षणी आबांचा रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं.

आबांनी हात पुढे केला. यावेळी डावा, पसरलेला. बाईंनी बिल्ला दिला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"हाई कड कानसनी नही शे," ते म्हणाले. "ईट शे. तुना बापनी घासेल शे."

तेव्हा बाई रडल्या.

नंतर त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन करून बोलावलं. ते आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, ठीक आहे, पण कागद लागेल. आबा म्हणाले, मी देतो. बाईंनी शाळेच्या वहीचं पान फाडून दिलं. आबांचं अक्षर मोठं, वाकडंतिकडं. चार ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला. लिहिलं ते असं:

'या बाईच्या वडिलांचा बिल्ला मी खोटा सांगितला होता. तो खरा आहे. मी पूर्वी खोटे बिल्ले ओतून विकलेले आहेत, म्हणून माझ्या डोक्यात खोटं होतं. हा बिल्ला माझ्या वडिलांनी ओतला.'

खाली सही केली. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि 'बघू' म्हणाले. परतीच्या गाडीत आबा जळगावपर्यंत जागे होते. एकदाही 'थकी गऊ' म्हणाले नाहीत.

असा कागद लपून राहत नाही. शौकीन मंडळींत गोष्ट पसरली. जळगावचा म्हातारा स्वतःच नकला करायचा आणि त्याचा निकालही चुकतो, हे एकदा झाल्यावर कोण येणार? माणसं यायची बंद झाली. आबा स्टुलावर बसून राहत. मी मुद्दाम विचारायचे, "आबा, आज कोणी आलं नाही?"

"नही. बरं शे." आणि खरंच बरं वाटत असल्यासारखे दिसायचे.

फक्त एक बदल झाला होता. आता फोटो घेऊन कोणी आलं की आबाच विचारायचे, "कोनं शे? सांग ना." आणि ऐकत बसायचे. लग्नाचे फोटो, बारशाचे, गेलेल्या माणसांचे. गिऱ्हाइकं तासन् तास बोलायची आणि मला काम उरकायची घाई असायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आबा, पूर्वीचंच बरं होतं." ते नुसते हसले.

पुढचा उन्हाळा लागायच्या आत आबा गेले. दुपारी जेवून झोपले होते. मुलीनं निरोप धाडला तेव्हा मी काच कापत होते. काच पुरती कापून मग गेले. मधे सोडली तर ती वेडीवाकडी फुटते, हे खरं आहे, पण खरं कारण ते नव्हतं. मला लगेच उठवेना.

दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरानं देवपूरच्या बाई फ्रेम घेऊन दुकानात आल्या. आबा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. स्टुलाकडे बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या दुसऱ्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, नाव कोरलं गेलं. सगळ्यांत शेवटी. कारागीर दुसरा होता, म्हणून अक्षरं जरा वेगळी दिसतात. हे सांगायलाच त्या आल्या होत्या, आणि बिल्ला बसवून घ्यायला.

मी फ्रेम उघडली, तपकिरी कागद सोलला. भोक अजून बिल्ल्याच्याच मापाचं होतं. बिल्ला बसवला. मागचा पुठ्ठा लावायला घेतला तेव्हा बाई म्हणाल्या, "ताई, मागच्या पुठ्ठ्यालाही तेवढंच भोक पाडाल? काच लावून?"

"मागे? भिंतीकडे? कोणाला दिसणार ते?"

"पुढून माझ्या बाबांचं दिसू दे," त्या म्हणाल्या. "मागून आबांच्या बाबांचं."

इतक्या वर्षांत मी पाठीला खिडकी असलेली फ्रेम केली नव्हती. भोक पाडताना दोनदा थांबून बिल्ल्याचं माप परत घेतलं. छोटी गोल काच कापली, बसवली, उलटी धरून उजेडात बघितली. डाव्या हातानं ओढलेले कानशीचे ओरखडे, उलटे, तिरपे, स्वच्छ दिसत होते. दाखवायला म्हणून मी स्टुलाकडे वळले. मग फ्रेम कागदात गुंडाळून बाईंच्या हातात दिली.